दास्यमुक्तीची कथा आणि बालवाचक : काव्यचित्रपुस्तकाच्या अंगाने एक विचार

म्हैसूर शहरातून हुणसूरकडे जाणारा रस्ता मानसगंगोत्रीचा परिसर मागे टाकून पुढे निघाला, की हूटगळ्ळी लागते. एके काळचे हे खेडे आज कारखान्यांची आणि गृहनिर्माण वसाहतींची वस्ती झाले आहे. नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील आणि भाषांतील कुटुंबे येथे येऊन राहिली आहेत. हाच रस्ता पुढे हुणसूर तालुक्यात शिरतो. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात कर्नाटकात कूळकायद्यातील दुरुस्ती आणि ऋणमुक्तीचा कायदा झाला, त्या देवराज अरसांचे कल्लहळ्ळी हे गाव त्याच तालुक्यातले. ज्या प्रथेविरुद्ध १९७०च्या दशकात कायद्याने हत्यार उपसले, ती ऋणाच्या पोटी माणूस बांधून ठेवण्याची ‘जीत’ नावाची प्रथाही याच मुलखात रुजलेली होती. कन्नडमधील या शब्दाशी मराठी वाचकाची पहिली भेट काहीशी चमत्कारिक होते. आपल्या कानाला ‘जीत’ म्हणजे जय. येथे त्याचा अर्थ आयुष्यभराची चाकरी. एकाच रस्त्याच्या एका टोकाला भारतीय भाषांच्या अभ्यासाची केंद्रे आणि दुसऱ्या टोकाला हा शब्द, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विसरण्याजोगी नाही.

प्रश्न असा की, या रस्त्यावरच्या एखाद्या शाळेतील आठ-दहा वर्षांच्या मुलाला दास्य म्हणजे काय आणि त्यातून माणसे सुटली कशी, हे सांगावयाचे झाल्यास आपण त्याच्या हाती काय देणार? पाठ्यपुस्तकात या विषयाला फार तर एखादा परिच्छेद मिळतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील ग्रंथालय संपन्न असेल, तर तेथे हॅरिएट टबमनवरचे देखणे चित्रपुस्तक सापडेल. म्हणजे ज्या मुलाला मेरीलँडमधून पेनसिल्व्हेनियात पळून गेलेल्या स्त्रीची कथा ठाऊक होईल, त्यालाच डहाणूचा लग्नगडी, यल्लापूरचा सिद्दी आणि हुणसूरचा जीतदाळू ही नावेही ऐकावयास मिळणार नाहीत. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार काव्य आणि चित्र यांच्या संयोगाने सिद्ध होणाऱ्या पुस्तकप्रकाराच्या अंगाने करावयाचा आहे.

१

प्रथम संज्ञेविषयी. आपल्या काव्यशास्त्रात ‘चित्रकाव्य’ ही संज्ञा वेगळ्याच अर्थाने रूढ आहे. मम्मटाने व्यंग्यार्थाला प्राधान्य नसलेल्या, शब्दालंकार वा अर्थालंकार यांच्या चमत्कृतीवर उभ्या राहिलेल्या काव्याला ते नाव देऊन त्याची गणना अवर काव्यात केली. गोंधळ टाळण्यासाठी येथे ‘काव्यचित्रपुस्तक’ हा शब्द वापरला आहे. ज्या पुस्तकात मजकूर पद्यात किंवा पद्यसदृश लयबद्ध गद्यात असतो, चित्र त्या मजकुराचा अनुवाद न करता त्याने न सांगितलेले सांगते, आणि पान उलटणे हा ज्याच्या रचनेचा एक घटक असतो, ते काव्यचित्रपुस्तक. सचित्र कवितासंग्रहाहून ते निराळे आहे. सचित्र संग्रहातील चित्र काढून टाकले तरी कविता उरते. काव्यचित्रपुस्तकातील चित्र काढले तर अर्थ पांगळा होतो.

हा प्रकार परदेशी आहे, अशी समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा पाहावी. एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरावयाचे, वाद्याच्या साथीने त्यावरील कथाभाग गावयाचा, आणि मग पुढचे चित्र वर आणावयाचे, अशी तिची रीत आहे. पान उलटण्याचे तत्त्व येथे पूर्णत्वाने उपस्थित आहे. फरक एवढाच, की हे पुस्तक बांधलेले नाही आणि ते मुलाच्या हाती नसून गायकाच्या हाती आहे. तेव्हा मराठी मुलासाठी चित्र आणि पद्य यांची सांगड घालणे म्हणजे काही कलम बाहेरून आणून लावणे नव्हे.

२

दास्यमुक्ती या विषयावर या पुस्तकप्रकाराचा सर्वांत भरघोस उपयोग अमेरिकेत झाला. तेथील अनुभव आपल्याला उपयोगी आहे. त्यातील यशाइतकाच त्यातील चुकांमुळेही. चित्रकार जेकब लॉरेन्स यांचे ‘हॅरिएट अँड द प्रॉमिस्ड लँड’ १९६८ साली निघाले. त्यातील मजकूर साध्या, ठोकेबाज पद्यात होता आणि चित्रे मात्र मुलांसाठी म्हणून गोंडस केलेली नव्हती. टबमन १८४९ साली स्वतः पळाली आणि पुढील काळात सुमारे तेरा फेऱ्यांत सत्तरएक माणसांना तिने सोडवून आणले. तिचीच कथा कॅरोल बॉस्टन वेदरफर्ड यांनी २००६ साली ‘मोझेस’ या पुस्तकात ईश्वराशी चाललेल्या संवादाच्या रूपाने मांडली. त्याची चित्रे कदीर नेल्सन यांची. याच लेखिकेने २०२० साली ‘बॉक्स’ या पुस्तकात हेन्री ब्राउनची कथा सहा-सहा ओळींच्या कवितांत सांगितली. १८४९ साली ब्राउनने स्वतःला लाकडी पेटीत बंद करवून रिचमंडहून फिलाडेल्फियास पाठवून घेतले होते. पेटीला बाजू सहा, म्हणून कवितेला ओळी सहा. ही योजना चमत्कृतीपुरती राहत नाही. कवितेची बंदिस्त चौकट वाचताना मुलाला त्या पेटीतील कोंडीची जाणीव होते. अॅशली ब्रायन यांच्या ‘फ्रीडम ओव्हर मी’ (२०१६) या पुस्तकाचा आधार तर मालमत्तेचा एक जुना कागद आहे. त्या कागदावर अकरा गुलामांची नावे आणि किंमत नोंदलेली. कवीने त्या प्रत्येकाला बोलते केले, आणि किमतीच्या शेजारी त्याचे कसब, त्याचे स्वप्न आणून ठेवले.

आता चुकांकडे वळू. १९९३ सालच्या ‘स्वीट क्लॅरा अँड द फ्रीडम क्विल्ट’ या पुस्तकात एक गुलाम मुलगी पळण्याच्या वाटेचा नकाशा गोधडीत शिवते. कल्पित कथा म्हणून ती सुंदर आहे. परंतु पुढे १९९९ साली गोधड्यांवरील नक्षी ही पळणाऱ्यांसाठी ठरवलेली सांकेतिक भाषाच होती, असा दावा एका ग्रंथाने केला आणि तो शाळाशाळांतून इतिहास म्हणून शिकवला जाऊ लागला. इतिहासकारांना त्याला पुरेसा आधार सापडलेला नाही. भोपळ्याच्या तुंबीच्या रूपकाने ध्रुवताऱ्याची दिशा सांगणाऱ्या प्रसिद्ध गीताचीही तीच गत. जेनेट विंटर यांच्या १९८८ सालच्या चित्रपुस्तकाने ते घरोघरी पोहोचवले. पण ते गीत प्रथम छापले गेले ते १९२८ साली, आणि पळणाऱ्या गुलामांनी ते खरोखर वापरले की काय याविषयी अभ्यासकांना शंका आहे. दुसरी चूक याहून गंभीर. २०१६ च्या जानेवारीत जॉर्ज वॉशिंग्टनच्या गुलाम आचाऱ्यावरचे एक चित्रपुस्तक प्रकाशकाने बाजारातून मागे घेतले, कारण त्यातील गुलाम हसतमुखाने धन्याच्या वाढदिवसाचा केक करताना दाखवले होते. मुलाला भय वाटू नये म्हणून चित्रकाराने हसू रंगवले आणि त्या हसण्याने दास्यच सुसह्य करून टाकले.

यावरून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. मुलांसाठी लिहिताना कल्पिताला इतिहासाची वस्त्रे चढवू नयेत; आणि मुलाच्या कोवळेपणाची काळजी घेताना पीडिताच्या दुःखाची किंमत कमी करू नये.

३

या पुस्तकांचे मराठीत भाषांतर केले म्हणजे काम भागेल काय? माझ्या मते भागणार नाही, आणि याचे कारण दास्याच्या स्वरूपातच आहे. अमेरिकन कथेचा सांगाडा भूगोलावर उभा आहे. दक्षिणेत दास्य, उत्तरेत स्वातंत्र्य. मध्ये अरण्य, नदी, रात्र आणि ध्रुवतारा. चित्रपुस्तकाला हा सांगाडा फार सोयीचा पडतो, कारण पान उजवीकडे उलटत जाते आणि माणूसही मुक्कामाकडे सरकत जातो. आपल्याकडील दास्य बहुधा ऋणाचे. ते कुंपणाने बांधलेले नसून वहीने बांधलेले. माणूस पळाला तर बाप, भाऊ, बायको मागे राहतात आणि आकडा त्यांच्या नावावर चढतो. ज्या दिशेला पळावे अशी उत्तर दिशाच येथे नाही. मग मुक्तीचे चित्र कसे काढावयाचे? या प्रश्नाचे उत्तर तीन निरनिराळ्या प्रसंगांतून तीन निरनिराळ्या प्रकारे मिळते.

पहिला प्रसंग पळून जाण्याचाच आहे, आणि तो मराठी-कोंकणी मुलखाला अगदी लगटून आहे. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात माणसे गुलाम म्हणून आणली. त्यांतील कित्येक घाट चढून आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या अरण्यात शिरले. यल्लापूर, हळियाळ, मुंडगोड या तालुक्यांतील सिद्दी हे त्यांचे वंशज. सर्वांचेच पूर्वज पळून आले असे नाही. काहींना मुक्त केले गेले, काही अन्य मार्गांनी आले. पण अरण्यात येऊन स्वतंत्र वस्ती करणे हा या समाजाच्या इतिहासाचा एक ठळक धागा आहे. त्यांच्या घरची बोली कोंकणीचे एक रूप असून तीत मराठी आणि कन्नड मिसळलेली आहे. म्हणजे या मुक्तीची कथा आपल्याला जवळजवळ आपल्याच शब्दांत ऐकता येते. सिद्दी स्त्रिया जुन्या लुगड्यांचे, कपड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवतात; त्यांना त्या ‘कवंद’ म्हणतात. शिवण एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्याकडे येते. चारी कोपऱ्यांवर ‘फुले’ लावली नाहीत तर गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात.

काव्यचित्रपुस्तकाला याहून सुंदर आकार कोणता मिळेल? पान कोपऱ्यापासून भरत यावे, कडव्यामागून कडवे जोडले जावे, आणि शेवटच्या पानावर चारी फुले लागावीत. परंतु अमेरिकेतील चूक येथे ध्यानात ठेवली पाहिजे. कवंद हा पळण्याचा नकाशा होता, असे सुचवण्याचा मोह लेखकाने टाळावा. ती ऊब आहे, नातवंडासाठी शिवलेली आहे, आणि जे फाटले ते फेकून न देता जोडणाऱ्या हातांची खूण आहे. एवढा अर्थ तिला पुरेसा आहे. आणखी एक सत्य लपवू नये. अरण्यात आल्यावरही कित्येक सिद्दी कुटुंबे पुढे जमीनमालकांच्या ऋणात अडकली. अनुसूचित जमातीत त्यांचा समावेश होण्यास २००३ साल उजाडले. पळून जाणे ही मुक्तीची सुरुवात असते, तिची समाप्ती नव्हे, हे मुलालाही समजते. घरातून रुसून निघून कोपऱ्यावर जाऊन थांबलेल्या कोणत्याही मुलाला ते ठाऊक असते.

४

दुसरा प्रसंग नकाराचा आहे. आणि मराठीपुरते बोलावयाचे तर तोच मध्यवर्ती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत वारली आदिवासी सावकार-जमीनदारांच्या वेठीत जगत होते. डहाणू-तलासरीचा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे आणि उंबरगाव १९६० सालापासून गुजरातेत. वेठीचा सर्वांत भीषण प्रकार म्हणजे लग्नगडी. लग्नाच्या खर्चासाठी तरुण सावकाराकडून थोडे पैसे उचलतो. त्याच्या मोबदल्यात तो, आणि लग्न होऊन आलेली त्याची बायकोही, सावकाराच्या घरी आयुष्यभर राबतात. पैसे फिटत नाहीत, कारण श्रमाची नोंद वहीत होतच नाही.

१९४५ सालच्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली. त्याच वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळील झरी येथे हजारो वारल्यांची सभा भरली. वेठ करावयाची नाही, मजुरी घेतल्यावाचून काम करावयाचे नाही, असे तेथे ठरले. आणि पाठोपाठ गावोगावचे लग्नगडी सावकारांची घरे सोडून बाहेर पडले. गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी मारले गेले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात हा सारा इतिहास प्रत्यक्ष सहभागी व्यक्तीच्या अधिकाराने सांगितला, आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी गद्यातील हे एक थोर पुस्तक आहे. परंतु ते प्रौढांचे आहे. मुलांसाठी या कथेचा तोलामोलाचा अवतार मराठीत रूढ झालेला नाही.

याच कथेत काव्य आणि चित्र दोन्ही मुळातूनच हजर आहेत, याकडे येथे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने झोपडीच्या भिंतीवर चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही, आणि लग्न लावणारी धवलेरी ते गाणी गाऊन लावते. भिंतीवर चित्र आणि मुखात गाणे, असा हा विधी आहे. १९७०च्या दशकापासून जिव्या सोमा मशे आणि इतर कलावंतांमुळे हे चित्र कागदावर आले आणि जगभर गेले. आज ते भेटकार्डांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर शोभेसाठी वापरले जाते. ज्या लग्नासाठी तो चौक लिहिला जात असे, त्याच लग्नासाठी घेतलेल्या पैशाने नवरा-नवरी गुलाम होत असत, हे त्या भेटकार्डाला ठाऊक नसते. वारली चित्राची ओळख शाळेतील जवळजवळ प्रत्येक मुलाला त्रिकोण आणि वर्तुळे जोडून नाचणारी माणसे काढण्यापुरती असते. त्या मुलाला चौकाची पूर्ण कथा सांगणे हे आपल्यावरचे ऋणच आहे.

अशा पुस्तकाची कल्पना करून पाहू. पहिल्या पानावर चौक, नवरा-नवरी, तारप्याभोवतीचे वर्तुळ. दुसऱ्या पानावर तेच लग्न, पण कोपऱ्यात वही घेऊन बसलेला माणूस आणि शाईने माखलेला एक अंगठा. पुढच्या पानांवर वर्तुळ तुटते. माणसे एकेकटी, पाठीवर ओझे. मग झरीची सभा येते, आणि तीच त्रिकोणी माणसे पुन्हा वर्तुळात येतात. फक्त आता ती नाचत नाहीत, बसलेली आहेत. बसणे हीच येथे कृती आहे. अमेरिकन कथेत माणूस धावतो. या कथेत तो उठत नाही, आणि त्याचे न उठणे म्हणजेच सुटका. तलवाड्याच्या पानावर रक्त काढण्याची गरज नाही. वर्तुळातील पाच जागा मोकळ्या सोडल्या, तरी मूल त्या मोजते.

पद्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. मराठी बालगीत बहुतांशी अष्टमात्रिक आवर्तनांवर चालते. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) पासून आपल्या बालकवितेने कल्पनेची आणि विक्षिप्ततेची जी अपूर्व मौज निर्माण केली, तिला ही उसळती लय पोषक ठरली. पण हीच लय वेठीच्या कथेला लावली तर ओझे वाहणारा माणूस उड्या मारू लागेल. येथे जात्यावरच्या ओवीकडे वळावे. तिचे चरण अक्षरसंख्येत सैल आहेत; शेवटचा चरण आखूड पडतो आणि तेथे गाणाऱ्या बाईचा श्वास टेकतो. शिवाय ती श्रमातून जन्मलेली आहे. दळणाचे ओझे आणि गाण्याची सुटका तीत एकाच वेळी असतात. मूल तिला सहज धरते, कारण तिची पुनरुक्ती पाठांतराला सोपी असते. धवलेरीची गाणी मात्र जशीच्या तशी उचलू नयेत. तो विधी आहे आणि तो त्यांचा आहे. त्या समाजातील कवी आणि चित्रकार यांच्याकडूनच पुस्तक घडवून घेणे हा यावरचा खरा उपाय होय. रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आदी वारली चित्रकारांनी तारा बुक्ससाठी केलेले ‘डू!’ (२००९) हे केवळ क्रियापदांचे पुस्तक या दिशेने काय साधते, हे दाखवून देते.

५

तिसरा प्रसंग कायद्याचा, आणि त्यासाठी पुन्हा हुणसूरच्या रस्त्यावर यावे लागते. राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली होतीच. परंतु ऋणाने बांधलेल्या मजुरांचे ऋण रद्द झाले ते १९७५च्या ऑक्टोबरातील अध्यादेशाने आणि १९७६च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने. या कायद्याने बांधील ऋण संपुष्टात आले, गहाण पडलेली मालमत्ता परत करण्याची तरतूद झाली, आणि मुक्त झालेल्या मजुरास त्याच्या राहत्या झोपडीतून काढता येणार नाही असे ठरले. कर्नाटकात याच सुमारास, १९७६ साली, ऋणमुक्तीचाही कायदा झाला. कन्नड साहित्याने हा विषय फार आधी हाताळला होता. शिवराम कारंतांच्या ‘चोमन दुडी’ (१९३३) या कादंबरीतील चोमाला स्वतःची जमीन कसावयाची आहे. ती त्याला मिळत नाही, आणि ऋण फेडण्यासाठी त्याची मुले कॉफीच्या मळ्यात जातात. चोमाजवळ उरते ती त्याची दुडी, म्हणजे ढोलकी. १९७५ साली ब. व. कारंतांनी या कादंबरीवर केलेला चित्रपट राष्ट्रीय पारितोषिकाचा मानकरी ठरला. देवनूर महादेव यांचे लेखन तर नंजनगूडच्या परिसराच्या बोलीतूनच उभे राहिले.

कायदा हा काव्यचित्रपुस्तकाचा विषय होऊ शकतो काय? मला वाटते, होऊ शकतो; तो मुलाला हिशोबाच्या वाटेने दाखवला पाहिजे. मुलाला बेरीज-वजाबाकी येते. एका पानावर उचल लिहावी. पुढील प्रत्येक पानावर वर्षभराचे काम चितारावे आणि खाली वहीतील आकडा तोच किंवा वाढलेला दाखवावा. मूल आपोआप विचारील, ‘वजा का केले नाही?’ त्या प्रश्नात वेठबिगारीची व्याख्या आली. शेवटच्या पानावर तो आकडा कायद्याने खोडलेला दिसावा. या कथेत नायक नाही, पलायन नाही, लढाईही नाही. पण मुलाच्या न्यायबुद्धीला यासारखे समाधान दुसरे नाही. त्याच बरोबर शिक्षकाने सांगितले पाहिजे, की कागदावरील आकडा खोडला जाणे आणि माणूस सुटणे यांत अंतर राहते. ते अंतर कापण्यासाठी १९८०च्या दशकात वसई-भिवंडीच्या पट्ट्यात श्रमजीवी संघटनेला गावोगाव झगडावे लागले; आणि पुढे वीटभट्टीवरील मजुरांच्या मुलांसाठी त्यांच्या झोपड्यांशेजारीच ‘भोंगा शाळा’ भरवाव्या लागल्या. विटांसाठी आगाऊ घेतलेली उचल आजही कित्येक कुटुंबांना हंगामभर बांधून ठेवते. म्हणून हा विषय केवळ इतिहासाचा नाही.

६

येथे एक आक्षेप येईल. एवढ्या लहान वयात हे दुःख सांगावेच कशाला? बालपण निर्मळ राहू द्यावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की ज्यांच्या वाट्याला हे दुःख आले, त्यांच्या मुलांना ते कोणत्या वयात कळावे याची निवड कधीच मिळाली नाही. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी चौदाएक वर्षांची होती, तेव्हा १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. जे मूल लिहू शकते, ते दुसऱ्या मुलाला वाचावयास कठीण म्हणता येत नाही. दुसरे उत्तर स्वतः जोतीरावांच्या ग्रंथात आहे. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना उद्देशून लिहिली. सातासमुद्रापलीकडच्या दास्याशी आपल्या दास्याचे नाते जोडण्याचा विचार मराठीत दीडशे वर्षांपूर्वीच झाला होता, असे यावरून दिसते. ग्रंथाची रचनाही पाहावी : धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. ती संवादाची, म्हणजे शिकवण्याचीच रचना आहे. २०११ साली श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ या नावाने या ग्रंथाचे चित्ररूप इंग्रजीत सिद्ध केले. त्याच वर्षी दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या गोंड शैलीतील चित्रांनी नटलेले ‘भीमायन’ही आले. ‘भीमायना’त कठोर बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाच्या नांगीचा आकार दिला आहे आणि सौम्य शब्दांना पक्ष्याचा. शब्द डसतो, हे मुलाला समजावून सांगण्यास याहून थोडक्यात काय सांगता येईल? परंतु ही दोन्ही पुस्तके किशोर आणि प्रौढ यांच्यासाठी आहेत. मराठीत, मराठीच्या लयीत, लहान मुलासाठी ही वाट पुढे नेणे अद्याप बाकी आहे.

वर्गातील पद्धतीविषयी एक ऐतिहासिक योगायोग मार्गदर्शक ठरावा. ज्या १९४५ साली वारली झरीला जमले, त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच मुलखात, बोर्डी येथे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले गुरे राखण्यामुळे शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसताच शाळाच कुरणावर नेण्यात आली, तीच ‘कुरणशाळा’. एका बाजूस बाप वेठ नाकारीत होता, दुसऱ्या बाजूस मुलाच्या हाती गाणे आणि रंग येत होते. या दोन घटना इतिहासाच्या वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर त्या एकाच सुटकेच्या दोन बाजू आहेत.

यातून शिक्षकासाठी काही सूत्रे निघतात. पुस्तक प्रथम मोठ्याने वाचावे आणि मुलांना चित्र पाहू द्यावे. अर्थ सांगण्याची घाई करू नये. कथेतील माणसाला नाव असावे, गाव असावे, येत असलेले एखादे काम असावे. ‘गुलाम’ हे त्याचे नाव नव्हे, त्याच्यावर लादलेली स्थिती आहे, हे भाषेतूनच उमटावे. घडलेले कोणते आणि कल्पिलेले कोणते, हे शेवटच्या पानावर साध्या शब्दांत सांगावे. आणि मुलाच्या ‘आता असे होते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे खोटे उत्तर देऊ नये.

हूटगळ्ळीतील एखाद्या वर्गात कन्नड, मराठी, तमिळ, हिंदी बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसलेली असतील. त्यांतील कोणाच्या घरी ‘जीत’ हा शब्द आजोबांच्या तोंडी असेल, कोणाच्या घरी ‘वेठ’, कोणाच्या घरी ‘उचल’. हे शब्द वेगवेगळ्या भाषांतले असले तरी त्यांच्यामागची वही एकच आहे. ऋणको माणसाचा अंगठा ज्या कागदावर उमटत असे, तो कागद त्याला वाचता येत नव्हता. त्याच्या नातवाच्या हाती आज जो कागद आपण ठेवू, तो त्याला वाचता यावा, पाहता यावा, गाता यावा. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी बालसाहित्याकडे गौण विषय म्हणून पाहण्याची सवय सोडावी, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.